विलीन झाले म्हणजे कायदा बुडतो काय?

(उज्जैन येथे क्षिप्रेकाठी, रामघाटावर जमलेल्या मराठी मंडळींपुढे केलेले भाषण. वाचकांसाठी लिहून काढले आहे.)

रामघाटावर संध्याकाळची आरती आटोपली की गर्दी पांगते आणि पायऱ्यांवर थोडी निवांत वेळ मिळते. अशा वेळी तिथल्या मराठी मंडळींनी मला गोव्याच्या कारभारावर आणि कायद्यावर चार शब्द बोलायला सांगितले. मी सुरुवात करतो न करतो तोच पुढे बसलेल्या एका वयस्कर बाईंनी मला थांबवले. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गोव्यात म्हणे नवऱ्याच्या मिळकतीत बायको अर्ध्याची धनीण असते. आणि तुम्ही मंडळी तर गोवा महाराष्ट्रात घालायला निघाला होता. तसे झाले असते तर हा कायदा राहिला असता का हो?"

प्रश्न उज्जैनला विचारला गेला, पण त्याचे उत्तर देणे तुमचे-माझे काम आहे. म्हणून तिथे जे बोललो ते तुमच्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न विचारायला उज्जैनइतकी योग्य जागा दुसरी नाही. या नगरीशी मराठी माणसाचा संबंध केवळ यात्रेपुरता नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे ठाणे इथे होते. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. सुखटणकर हे आडनाव कानांवर पडले की गोमंतकातला माणूस मान वर करतो; तशी माझीही मान वर झाली. शिंद्यांची राजधानी पुढे ग्वाल्हेरला गेली, पण उज्जैन त्यांच्या संस्थानातच राहिले.

आता पाहा. १९४८ साली ते संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला. म्हणजे आठ-नऊ वर्षांत उज्जैनकरांनी दोनदा विलीनीकरण पाहिले. राजधानी बदलली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि उज्जैनचे दावे इंदूरच्या खंडपीठापुढे चालू लागले. मग ग्वाल्हेरचे आणि मध्यभारताचे कायदे एका रात्रीत क्षिप्रेत सोडले गेले काय? नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात ११९ वे कलम आहे. त्याचा मथितार्थ असा की सीमा बदलली म्हणून कायदा बदलत नाही. जो कायदा ज्या मुलखाला लागू होता तो त्या मुलखाला लागूच राहतो, जोवर अधिकार असलेले विधिमंडळ तो बदलत नाही. मध्यभारताचा जमीन महसुलाचा आणि कुळांचा संवत २००७ चा कायदा असाच पुढे चालू राहिला. मध्य प्रदेशाची १९५९ ची जमीन महसूल संहिता आली तेव्हा तो गेला. आणि गेलेला कायदाही पुरता जात नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या देवस्थानांच्या जमिनीवर पुजाऱ्याचा हक्क किती, हे ठरवले, तेव्हा ग्वाल्हेर संस्थानाचा जुना जमीनविषयक कायदाही विचारात आला.

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्याच गावात आहे: विलीनीकरणाने कायदा आपोआप बुडत नाही. उरलेले अर्धे उत्तर इतके सोपे नाही. त्याकडे मी शेवटी येतो.

आधी आपला कायदा म्हणजे काय ते पाहू. कारण गोव्यात जन्म काढलेल्यांनाही तो लग्नाच्या दिवशी आणि मयताच्या तेराव्या दिवशीच आठवतो.

फिरंगी अंमलात वर गव्हर्नर जनरल, तालुक्याला आद्मिनिश्त्रादोर, गावाला रेजिदोर अशी उतरंड होती. न्यायासाठी 'रेलासांव' हे वरिष्ठ न्यायालय १५४४ सालापासून होते. लोकांना विचारून कारभार करावा ही कल्पना मात्र फारशी नव्हती. आणि हिंदूंना बरोबरीचे नागरिकत्व मिळायला १९१० सालची पोर्तुगालची प्रजासत्ताक क्रांती यावी लागली. अशा या राजवटीने १८६७ चा आपला नागरी कायदा, म्हणजे 'कोदिगो सिव्हिल', १ जुलै १८७० पासून गोव्याला लागू केला. हिंदूंच्या काही चालीरीती वेगळ्या राखणारे फर्मान १८८० साली निघाले. नोंदणीच्या विवाहाचे आणि घटस्फोटाचे कायदे १९१० साली पोर्तुगालमध्ये झाले आणि मागोमाग इथे आले.

या कायद्याचा गाभा चार वाक्यांत सांगता येतो. विवाह ही सरकारी नोंदणीची बाब आहे. लग्नाआधी नवरा-बायकोने दस्तऐवज करून दुसरी व्यवस्था ठरवली नसेल, तर दोघांची मिळकत एक होते आणि दोघे तिचे निम्मेनिम्म्याचे मालक होतात. नवऱ्याला घर किंवा भाट विकायचे तर बायकोची सही लागते आणि बायकोला विकायचे तर नवऱ्याची. आणि आईबाप मृत्युपत्र करून आपल्या मिळकतीचा अर्धा भागच हव्या त्या माणसाला देऊ शकतात; उरलेला अर्धा मुलांचा राखीव असतो, आणि मुलांत मुलगी मुलाच्या बरोबरीची.

विधवेचा अर्धा वाटा हा वारसा नव्हे, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. नवरा वारला म्हणून तो तिला मिळत नाही. लग्न झाले त्या दिवसापासून तो तिचाच असतो. वाटणी होते ती नवऱ्याच्या अर्ध्याची.

हा कायदा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. १८८० च्या फर्मानाने हिंदू नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची वाट ठेवली होती: बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर. मुलगा होणे ही जणू बायकोची परीक्षा! मिळकत दोघांची म्हणायची आणि तिचा कारभार नवऱ्याच्या हाती द्यायचा, हेही याच संहितेतले. चर्चमध्ये लागलेल्या लग्नांना वेगळी वाट होती. तेव्हा 'गोव्यात सर्वांना एकच कायदा' असे जे देशभर भाषणांतून ऐकू येते, ते थोडे सांभाळून घ्यावे. पण १९५६ पूर्वीचा, हिंदू वारसा कायदा येण्याआधीचा भारत डोळ्यांपुढे आणा. त्या काळी गोव्यातल्या मुलीचा वाटा कागदावर मुलाइतका होता. हे कबूल करायला फिरंग्याचे गोडवे गावे लागत नाहीत.

हा कायदा मुक्तीनंतर राहिला कसा? १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली संसदेने गोवा, दमण आणि दीवच्या प्रशासनाचा कायदा केला. त्याच्या पाचव्या कलमाने, आधी लागू असलेले सगळे कायदे अधिकारी विधिमंडळ बदलीपर्यंत चालू ठेवले. उज्जैनला १९५६ साली जे झाले तेच इथे झाले. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी नागरी संहिता केली आणि १९६७ पासून जुनी मोडीत काढली. मालकाने टाकलेला कायदा आपण सांभाळून ठेवला. म्हणून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की हा कायदा मूळचा पोर्तुगीज असला तरी संसदेने तो चालू ठेवल्यामुळे आता तो भारतीय कायदा आहे. 'फिरंग्याचा कायदा' म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्या मित्रांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

त्याच १९६७ च्या १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा संघप्रदेश. मी फुलाला मत दिले होते. १,३८,१७० मते फुलाला पडली आणि १,७२,१९१ मते दोन पानांना. चौतीस हजार एकवीस मतांनी आपण हरलो. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. मराठी एकीवरची माझी श्रद्धा त्यामुळे ढळलेली नाही. पण हरलेल्या माणसाने आपण का हरलो ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

दोन पानांना मत देणाऱ्यांची भीती एका शब्दात सांगायची तर ती 'बुडण्याची' होती. मोठ्या राज्यात लहान मुलूख बुडेल, त्याची भाषा, त्याच्या रीती, त्याची ओळख बुडेल. आपण उत्तर दिले भाषेचे, संस्कृतीचे, पंढरीच्या वारीचे, शिवरायांचे. ते सगळे खरे होते. पण मालमत्तेचा कागद हातात धरून बसलेल्या बाईला वारीचे उत्तर पुरत नाही. तिच्या भीतीला कायद्याच्या कलमाचे उत्तर द्यायला हवे होते.

ते उत्तर देण्याजोगे होते काय? होते. अर्धे विलीनीकरण तर पुढे झालेच, न्यायालयाचे! १९८१ साली संसदेने कायदा करून मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार गोव्यापर्यंत वाढवला आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून पणजीला त्याचे खंडपीठ सुरू झाले. आता ते पर्वरीला आहे. १९८७ साली राज्य वेगळे झाले तरी उच्च न्यायालय महाराष्ट्राशी सामाईकच राहिले. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ मुंबई उच्च न्यायालयच गोव्याच्या नागरी कायद्याचा अर्थ लावत आहे. त्यामुळे तो बुडाला काय? उलट २०१९ च्या त्या निकालात प्रश्नच असा होता की गोमंतकीयाच्या मुंबईतल्या मिळकतीला कोणता वारसा कायदा लागू. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, गोव्याचा! आपण गोवा मुंबईला न्यायला निघालो होतो. शेवटी गोव्याचा कायदाच मुंबईच्या घरात जाऊन बसला.

लहान मुलखांनी न्यायालय सामाईक ठेवून कायदा आपला ठेवल्याचे उदाहरण सातासमुद्रापलीकडेही आहे. कॅरिबियन समुद्रात सेंट लुशिया नावाचे बेट आहे. गोव्याच्या सहाव्या हिश्श्याएवढे. फ्रेंच आणि इंग्रज त्यासाठी पुन्हापुन्हा लढले आणि शेवटी ते इंग्रजांकडे राहिले. पण राज्य इंग्रजांचे झाले तरी जुन्या फ्रेंच कायद्याची मुळे उपटली गेली नाहीत. १८७९ साली त्यांची नागरी संहिता बांधली गेली. १९७९ साली बेट स्वतंत्र झाले. त्याचे विधिमंडळ आहे, पंतप्रधान आहे. मात्र वरिष्ठ न्यायालय त्याचे एकट्याचे नाही. १९६७ साली, म्हणजे आपल्या कौलाच्याच वर्षी, त्या भागातल्या लहान बेटांसाठी एक सामाईक न्यायालय स्थापन झाले. आज सहा स्वतंत्र देश आणि ब्रिटनच्या ताब्यातले तीन मुलूख ते मिळून चालवतात, आणि त्याचे मुख्य ठाणे याच सेंट लुशियात आहे. शेवटचे अपील २०२३ पर्यंत लंडनला जात असे. त्या वर्षी त्यांनी तेही तोडून कॅरिबियन न्यायालयाशी जोडले. न्यायाधीश सगळ्यांचे, पण संहिता आपापली. लहान असणे म्हणजे एकटे असणे नव्हे, आणि सामील होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, हे त्या बेटाने दाखवून दिले आहे.

आता बाईंच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. ते आपल्या पक्षाला अडचणीचे आहे, तरी सांगतो.

प्रत्येक विलीनीकरणाच्या कायद्यात 'अधिकारी विधिमंडळ बदलीपर्यंत' हे शब्द असतात. तेच कुलूप आणि तीच किल्ली. वारसा हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे. त्यावर संसदही कायदा करू शकते आणि राज्याचे विधिमंडळही. गोवा महाराष्ट्रात गेला असता तर आपले मूठभर आमदार मुंबईच्या मोठ्या सभागृहात बसले असते. आणि कोणी 'राज्यभर एकच कायदा' म्हणून आपली संहिता रद्द करायला निघाला असता, तर त्याला थांबवायला त्यांची मते पुरली नसती. मग गोव्यातल्या हिंदू बायकांच्या वाट्याला काय आले असते? महाराष्ट्राने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला तो १९९४ साली. सगळ्या देशात तो आला २००५ साली. म्हणजे जे हाती होते ते घालवून पुन्हा मिळवायला पाव शतकाहून अधिक काळ थांबावे लागले असते. ही भीती खोटी नव्हती, वाचकहो. आपण ती हसण्यावारी नेली असेल तर ती आपली चूक होती.

यावर उपाय होता, आणि तो जनमत कौलाच्या आधीच संविधानात होता. १९६२ साली तेरावी घटनादुरुस्ती होऊन नागालँडसाठी कलम ३७१-ए आले. नागा लोकांच्या धार्मिक-सामाजिक रीती, त्यांचा रूढ कायदा, त्यांच्या जमिनीची मालकी यांना हात घालणारा संसदेचा कायदा नागालँडच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. असेच एखादे कलम गोव्यासाठी मागून, 'विलीन होऊ, पण हा कायदा गोमंतकीयांच्या संमतीवाचून बदलणार नाही' असे ठासून सांगता आले असते. मग किती दोन पाने फूल झाली असती, कोण जाणे.

पण पलीकडच्या पक्षालाही मी तितकेच स्पष्ट विचारतो. घटक राज्य मिळाले; त्याने कायद्याला कवच मिळाले काय? संविधानात गोव्यासाठी कलम ३७१-आय आले. त्यात काय आहे? गोव्याच्या विधानसभेत तीसपेक्षा कमी सभासद नसावेत, एवढेच. कायद्याच्या रक्षणाचे अवाक्षर नाही. आज तो पणजीतले बहुमत बदलू शकते आणि दिल्लीतले बहुमतही. २०१२ साली विधानसभेने वारसा, विशेष नोटरी आणि वाटणीच्या कामकाजाचा नवा कायदा केला आणि २०१६ च्या डिसेंबरात तो लागू झाला. जुन्या संहितेची वारशाची प्रकरणे त्याने नव्याने बांधली. तत्त्वे राखली गेली, हे चांगले झाले. पण बदलण्याची सत्ता होती, ती वापरली गेली, आणि तुमच्या-माझ्यापैकी कितीजणांना ते कळले?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. कायदा वेगळेपणाने राहत नाही आणि विलीनीकरणाने बुडत नाही. ज्यांचा तो आहे त्यांना तो ठाऊक नसला की तो बुडतो. संहिता पोर्तुगीज भाषेत. तिचे सरकारी इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले ते २०१८ साली. मुक्तीनंतर ५७ वर्षांनी! दरम्यान पेडण्यातल्या, सत्तरीतल्या, काणकोणातल्या बाईने सही कशावर केली? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही सोय राहिली. ती सोय पाट्यांवरून आणि पत्रकांवरून भांडण्यात आपण खर्च केली. तीच वापरून लग्नाच्या आणि वाटणीच्या प्रत्येक कागदाची मराठी प्रत मागितली असती, तर मराठीची सेवा अधिक झाली असती.

यात कोणाचे काय जाते ते सांगतो. कायद्याने दिलेला वाटा सहीने जातो. वडील वारले की भाऊ नोटरीकडे नेतो, बहीण हक्कसोडीच्या कागदावर सही करते. कोणी मायेने करते, कोणी माहेर तुटू नये म्हणून करते. मायेने सोडले तर ते तिचे दान आहे. त्याला मी बोल लावणार नाही. पण काय सोडते आहे हे न कळता सोडले, तर ते दान नव्हे, ती फसवणूक आहे. मग ती करणारा आपला सख्खा भाऊ असला तरी.

रामघाटावर मी हे बोलून थांबलो. त्या बाई पुन्हा म्हणाल्या, "इथल्या पंड्यांच्या वह्यांत आमच्या सासऱ्यांच्या आज्याचे नाव सापडते. पण माझ्या नणंदेचे विचाराल तर नाही." घाटावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे दप्तर. तिथे बाप, आजा, पणजा, मूळ गाव सारे मिळते. पण लेक बहुधा सासरच्या वहीत जाते, आणि तिथेही कोणाची तरी बायको म्हणूनच. गोव्याच्या कायद्याच्या वहीत लेकीचे नाव तिचे म्हणून आहे. ती वही आपण सांभाळायची आहे.

तेव्हा वाचकहो, दोन गोष्टी करा. घरात लग्न ठरले असेल तर नोंदणी कचेरीत पहिल्या सहीला जाण्याआधी मुलाला आणि मुलीला एकत्र बसवून सांगा की दुसरा दस्तऐवज केला नाही तर मिळकत दोघांची होते आणि ही व्यवस्था ठरवायची ती लग्नापूर्वीच. आणि घरात वाटणी निघाली असेल तर बहिणीला कागद आधी वाचून दाखवा, तिला समजेल त्या भाषेत, आणि चार दिवस विचार करू द्या. मग सही घ्या.

महाराष्ट्राशी आपले नाते नकाशावर जुळले नाही. पण कायदा लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेणे हे खऱ्या महाराष्ट्रधर्माचे काम आहे, आणि त्याला कोणत्याही कौलाची परवानगी लागत नाही.